आण्णाची डबी आणि एकवीस दिवस

माझ्या लग्नात अक्षता पडायच्या ऐन वेळी आण्णा चौगले मांडवातनं निघून गेला. भटजींनी शेवटचं 'सावधान' म्हणायला तोंड उघडलं आणि आण्णाच्या शर्टाच्या खिशात टिर्र-टिर्र वाजलं. त्यानं खिशातनं काळी डबी काढली, चष्मा कपाळावर चढवून वाचली, हातातल्या अक्षता शेजारच्या पावण्याच्या ओंजळीत ओतल्या आणि अंतरपाटाला वळसा घालून माझ्या कानाशी आला. मयताच्या घरी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "कोथळीची म्हैस हाय. तुझं काय, आज न्हाईतर उद्या लगीन हुईलच. तिचं आज चुकलं की एकवीस दिस गेलं."

आणि गेला. अंतरपाटाच्या पलीकडनं माझ्या बायकोनं संसारातला पहिला प्रश्न विचारला, "कोण म्हैस?" त्याचं उत्तर मी अजून देतोय.

तुम्हालाही ते द्यायला पाहिजे. आण्णा एका लहानशा दूध संघात कामाला होता. माजावर आलेल्या म्हशींना कृत्रिम रेतनाचं इंजेक्शन देऊन गाभण ठेवणं हे त्याचं काम. कोल्हापुरापासनं मुरगूडपर्यंतच्या वीसेक गावांत त्याला डॉक्टर म्हणायचे. मी त्याच संघाच्या ऑफिसात टायपिस्ट, आणि शिवाजी पेठेत त्याच्या शेजारच्या खोलीत राहायला. तो माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, उंच, वाकलेला. त्याला हसताना पेठेत कुणी बघितलं नव्हतं. लग्न झालं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "तारीख चुकली."

आता म्हशीचं गणित. म्हैस दर एकवीस दिवसांनी माजावर येते. गाय माजावर आली की हंबरून गल्ली गोळा करते. म्हशीचा माज मुका. ती नुसती उभी असते, रवंथ करत, एखाद्या निवृत्त मामलेदारासारखी. कळतच नाही. दिवस टळला की पुढचे एकवीस दिवस गेले, दूध लांबलं, आणि त्या घराचं सगळं वर्ष मागं सरकलं. म्हणून आण्णा तारखा ठेवायचा. त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं आणि ते तो लग्नात, मर्तिकात, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठंही म्हणायचा, "वरडतंय त्येच्याकडं कोणबी जातंय. न वरडणाऱ्याची तारीख ठेवाय लागती."

आधी या तारखा खिशातल्या वहीत असायच्या. मग एका म्हशीनं त्यातला एप्रिल महिना खाल्ला. तपासताना आण्णानं वही गव्हाणीच्या कडेला ठेवली होती. त्या म्हशीला पुढं जुळं झालं म्हणतात. मी ती म्हैस बघितली नाही, पण ज्यानं बघितली त्याला मी बघितलंय.

एप्रिल गेल्यावर आण्णानं ठरवलं की आता यंत्र घ्यायचं. नव्वदीची शेवटची वर्षं होती. मोबाईल अजून साहेब लोकांकडंच होते, पण खिशात मावणारी डिजिटल डायरी बाजारात आली होती. इंग्रजी वाचायला म्हणून आण्णानं मला शाहूपुरीतल्या एका दुकानात नेलं. दुकानदारानं काचेवर पाच-सहा डायऱ्या मांडल्या.

"ह्यात दोनशे फोन नंबर बसत्यात."

"माझ्या गिऱ्हाइकांस्नी फोन न्हाईत," आण्णा म्हणाला.

"मग वाढदिवस भरा की. आठवण करून देती."

"वाढदिवस हाईत. पर ज्यांचं हाईत ती अजून जन्माला यायची हाईत."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. त्यानं दुसरी डायरी पुढं सरकवली. "ह्यात टोकियो, लंडन, न्यूयॉर्क, सगळ्या शहरांचा टाइम दिसतोय."

"मुरगूडचा दिसतोय?"

"मुरगूडचा टाइम आपलाच की, पावणं!"

"आपला कुठला? तिथं म्हैस धाला माजावर येती आनि मला सांगत्यात आठला आलती." मग आण्णानं मुद्द्याला हात घातला. "एका हातानं उघडती का?"

"दुसरा हात असतोय की."

"नसतोय. दुसरा हात कामात असतोय."

"कसल्या कामात?"

आण्णाच्या पिशवीतनं खांद्यापर्यंत येणारा रबरी मोजा बाहेर डोकावत होता. दुकानदारानं तो बघितला आणि प्रश्न परत घेतला. पुढच्या दोन तासांत आण्णानं डोळे मिटून, एका अंगठ्यानं, दुकानातली प्रत्येक डबी उघडली आणि मिटली. आवाज कडबाकुट्टीच्या मशिनीशेजारी ऐकू येईल का, म्हणून मला रस्त्यापलीकडं उभं केलं. शेवटी एक काळी डबी पसंत पडली. निघताना आण्णानं हात पुढं केला, तर दुकानदारानं लांबनंच नमस्कार केला.

त्या दिवसापासनं आण्णा माणसांतनं गेला. तीनशेच्या वर म्हशी त्यानं डबीत भरल्या. कुठल्या दिवशी माज, कुठल्या दिवशी इंजेक्शन, तीन महिन्यांनी तपासणी, दहा महिने दहा दिवसांनी विणं. जुन्या वह्या आंघोळीच्या बंबात घातल्या. "चहा घेणार का आण्णा?" म्हटलं तरी आधी डबी उघडायचा. हळदी गावात एका म्हशीला सोमवारी कळा सुरू झाल्या. डबीत मंगळवार होता. ती माउली मंगळवार उजाडेपर्यंत पाय आवळून उभी राहिली. तिथल्या म्हशी पुढंपुढं टिर्र-टिर्र ऐकलं की आपणहून वळून, पाठ करून उभ्या राहायच्या. खोटं वाटत असेल तर हळदीला जाऊन विचारा. त्या म्हशी आता नाहीत, पण विचारायला काय जातंय?

महिनाअखेरीला आण्णा डबीत बघून सांगायचा आणि मी संघाचा तक्ता टाइप करायचो. त्यात तारखा नसायच्या, नुसते आकडे, आणि शेवटी एक यादी, चिकाटीच्या म्हशींची. इंजेक्शन देऊनही गाभण राहत नाही, एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर येते, त्या म्हशीला 'उलटली' म्हणतात. तीनदापेक्षा जास्त उलटली की तिच्या मालकाचं नाव त्या यादीत. बाकीची नावं यायची-जायची, पण एक नाव हलायचं नाही. हौसाबाई कांबळे, मुरगूडच्या अलीकडचं गाव, म्हैस एक. निकाल : उलटली. दोन वर्षं मी हेच टाइप करत होतो.

एकदा साहेबांनी आण्णाला बोलावलं. "चौगले, चौतीस वेळा? ही म्हैस आहे का पंचवार्षिक योजना?"

आण्णा खाली बघत म्हणाला, "चिवट हाय साहेब. सोडून चालत न्हाई."

आणि मग ती सकाळ आली. डबीचा आवाज बसल्यासारखा झाला, पडद्यावर सेल बदला असं इंग्रजीत आलं. आत बिल्ल्यासारखे दोन सेल होते. माहितीपुस्तकात ठळक लिहिलं होतं की एका वेळी एकच सेल काढावा, दोन्ही काढले तर सगळं पुसलं जाईल. पुस्तक माझ्याकडं होतं. आण्णा मला विचारायला थांबला नाही. त्याच्या धंद्यात एक नियम रक्तात भिनलेला. कुठलंही हत्यार उघडलं की सगळे भाग सुटे करायचे, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचे, स्वच्छ फडक्यावर वाळू द्यायचे, मगच जोडायचे. नाहीतर जनावराला बाधतं. आण्णानं दोन्ही जुने सेल काढले, डबी आतनं पुसली, नवे सेल पुसले, फडक्यावर मांडले आणि पाव तास हात जोडून बसला. मग जोडले.

डबी उघडली. एक जानेवारी. आत एकही म्हैस नव्हती.

तो माझ्या दारात आला तेव्हा मला वाटलं घरात कुणी गेलं. मग आठवलं की त्याच्या घरात जायला कुणी नाही. "समद्या गेल्या," एवढंच म्हणाला आणि उंबऱ्यावर बसला. थट्टा करायला माझ्याकडं पन्नास वाक्यं होती. ती सोडून मी त्याच्या शेजारी टेकलो. तीनशे दावणींना तीनशे म्हशी न ओरडता उभ्या होत्या आणि कुठलीचा दिवस आज, कुठलीचा उद्या, हे जगात कुणाला ठाऊक नव्हतं. निदान आण्णाला तसं वाटत होतं.

मी रजा टाकली. त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून, मांडीवर वही घेऊन, घरोघरी निघालो. पहिल्याच घरात आण्णा चाचरत म्हणाला, "मावशी, तुमच्या म्हशीला इंजेक्शन कवा दिलतं, काय आठवतंय?"

"न आठवाय काय झालं? बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पारी."

दुसऱ्या घरात, "भीमजयंतीच्या आदल्या दिवशी. आमी पताका लावत हुतो, तुमी शिडी धरलीसा." तिसऱ्या घरात, "सासूबाई न्हाणीत पडल्या बगा, त्याच दिवशी." सासू पडल्याची तारीख, वार, वेळ, सगळं सुनेला तोंडपाठ होतं. एकीनं तर त्या दिवशी आण्णाच्या शर्टाचं दुसरं बटण तुटलेलं होतं हेही सांगितलं, आणि बघितलं तर ते अजून तुटलेलंच. पुरुष माणसं "गेल्या म्हैन्यात, न्हवं?" म्हणून डोकं खाजवायची आणि आतनं चुलीपुढनं बरोबर तारीख यायची.

तिसऱ्या दिवशी झाडाखाली भाकरी खाताना आण्णा म्हणाला, "म्या एवढी वर्सं डबीत भरलं, ते हितं समदं चुलीपुढं हुतंच की." रागानं नव्हे. काहीतरी हरवलेलं सापडल्यावर माणूस बोलतो तसं.

पाचव्या दिवशी दुपारी मुरगूडच्या अलीकडं आलो. मला त्या चिवट म्हशीला डोळे भरून बघायचं होतं. चौतीस वेळा उलटलेली म्हैस म्हणजे तिच्यापुढं नारळच फोडायला हवा होता. बुद्धविहाराच्या मागं शेवटचं घर. गोठा झाडून लख्ख. खुंट्याला दावं गुंडाळून ठेवलेलं. म्हैस नाही.

उंबऱ्यात एक म्हातारी बसली होती. आण्णाला बघून उठली नाही.

"परवा तारीख हुती न्हवं?"

आण्णा मान खाली घालून उभा राहिला. "डबी बंद पडलती, आक्का."

"डबी बंद पडली. पाय बंद पडलं न्हवतं न्हवं?"

एवढं बोलून ती माझ्याकडं वळली, "बसा पावणं, घोंगड्यावर." मी बसलो आणि मूर्खासारखं विचारलं, "आजी, म्हैस कुठाय?"

"म्हैस? दोन वर्सं झाली की इकून. पोरगं इचलकरंजीला गेलं मागावर, सूनबी गेली. शिफ्टची कामं, सणालाच येत्यात. माझी बोटं वळंनात, धार निघंना. दिली सोडून." मग पुन्हा आण्णाकडं, "परवा पावशेर दूध आणलं शेजारनं. तुमच्या च्याला. नासलं. काल आणलं, नासलं. आज तिसरं ठेवलंय. मी काळाच पितो."

चहा झाला. आण्णानं पिशवी बाजूला ठेवली, तिचा पाय पुढं घेतला आणि घोट्यावर अंगठा दाबून सूज बघितली, म्हशीला तपासताना असतो त्याच गंभीर चेहऱ्यानं. "रक्तदाबाची गोळी सकाळची घेतीस न्हवं?"

"घेतोय. तुमी खानावळीचंच खाताय काय अजून? गालफडं बसल्यात." तिनं कागदात बांधलेली शेंगदाण्याची चटणी त्याच्या पिशवीत कोंबली. "आनि ते बटाण तुटलंय, शर्ट काढा हिकडं."

आण्णा, तीनशे म्हशींचा डॉक्टर, शर्ट काढून बनियनवर बसला आणि ती सुईत दोरा ओवायला लागली. तिला ओवता येईना, त्याला चष्मा कपाळावर चढवूनही दिसेना. शेवटी दोरा मी ओवला.

निघताना त्यानं डबी काढली. "पुढली तारीख बोल, आक्का."

तिनं बोटांची पेरं मोजली. "आजपास्नं धरू नगा. परवापास्नं धरा. माझा हिसाब मोडतोय."

आण्णानं अंगठ्यानं कळा दाबल्या. परतीच्या वाटेवर कागल आलं. आण्णा मागं न बघता म्हणाला, "साहेबाला सांगनार हाईस?" वारा फार होता, मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

महिनाअखेरीला तक्ता टाइप केला. शेवटच्या यादीत नेहमीच्या जागी लिहिलं, हौसाबाई कांबळे, म्हैस एक, निकाल : उलटली. साहेबांनी कागद हातात घेतला, बोट खाली सरकत सरकत त्या ओळीवर येऊन थांबलं. आण्णा दाराशी उभा होता, शर्टाची सगळी बटणं लावून.

"अरे, ही म्हैस पुन्हा—"

"चिवट आहे साहेब," मी म्हणालो. "सोडून चालत नाही."