राखणदाराचा कांदा

“बाबा, राखणदार कांदो खाता?”

परसाची राखण करणाऱ्या, कुणाला न दिसणाऱ्या देवाबद्दल हा प्रश्न विचारायची पैज वर्गातल्या मैत्रिणींनी सुलोचनेशी लावली होती. नववीतली पोरगी, गेल्याच महिन्यात वक्तृत्वात पहिली आलेली. ती कसली मागे हटते! तिला वाटलं, बाबा हसतील. पण भिकाजींनी चहा तसाच ठेवून परसाकडे पाहिलं.

कारण गोव्यातल्या पार्शे गावी त्यांच्या परसातून रोज तिन्हीसांजेला कांदे नाहीसे होत होते. ना पाऊल, ना आवाज. वाफ्याच्या कडेला नुसत्या जांभळ्या साली, वारा नसताना हलणाऱ्या. बाजारचा कांदा असता तर गोष्ट वेगळी. हा आजोबांच्या वेळचा गावठी कांदा, चिमुकला, चावला की डोळ्यांतून पाणी काढणारा. गावात दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. बियाण्यासाठी राखलेले दोन कांदे मधोमध पांढरे गोंडे घेऊन उभे होते, आणि चोरी कडेकडून नेमकी त्यांच्याकडेच सरकत होती. ते गेले की वाणच संपला.

“राखणदाराच्या मानपानात कायतरी चुकला आपला,” सुलोचनेची आई यशोदाबाई कुजबुजल्या. “शेजारच्या गोकुळदासभावजींक तरी इचारा.”

“तो कांद्याचा नाव काढूक देत नाय. गोंय येगळा राज्य होयपर्यंत कांदो खावचो नाय, म्हणून देवळात नवसाचो नारळ ठेवन बसलो हा.”

“मगे आपणच गाऱ्हाणा घालूया.”

सूर्य बुडाला. काजूखाली अंधार साचला. भिकाजींनी वाफ्याजवळ नैवेद्याचा जाड रोट आणि एक विडी ठेवून हात जोडले.

“बा देवा राखणदारा, ह्या परसाची राखण तू करतंस…”

“व्हय म्हाराजा!” मायलेकी म्हणाल्या.

“बियाच्या कांद्यावर जेचो डोळो, तेका थयच खिळवून ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

या खेपेला आवाज तीन होते. तिसरा जाड, घोगरा, गवताच्या उडवीमागून आलेला. यशोदाबाईंनी लेकीचा दंड असा धरला की बांगड्या रुतल्या. भिकाजींचे जोडलेले हात सुटेनात. सुलोचनाही आईला चिकटली. पण उद्या वर्गात काय सांगायचं? ती पुढे झाली आणि तिने बॅटरी मारली.

उडवीमागे गोकुळदास उकिडवे बसले होते. एका हातात पावाचा उंडो, दुसऱ्यात पातीसकट कांदा, दोन्ही गाल टम्म.

“काका! राज्य झाला?”

काकांनी डोळे पुसत मान हलवली. नाही.

“चोरी ती चोरी,” भिकाजींना आता कंठ फुटला, “वर ‘व्हय म्हाराजा’ म्हणतंस?”

गोकुळदासांनी कसाबसा घास गिळला. “मी खंय म्हटलंय? तोंड भरलेला दिसता मां! आवाज माझ्या पाठसून इलो… आणि तेव्हापासून माका उठूक येणा नाय!”

त्यांच्या पाठीमागे कोणीच नव्हतं. रोट जागेवर होता. विडी नव्हती.

मग सुलोचनेने घसा साफ केला, वक्तृत्वाला करायची तसा.

“आई, बाबा, मी ठरवलंय. उद्यापासून कांदे काढीपर्यंत तिन्हीसांजेक हयसर काका राखणेक बसतले.”

“एकटो?” काका किंचाळले.

“एकटे कसे? सोबत असा मां. आणि पहिलो कांदो राखणदाराक. तो खाता काय नाय, तां तुमीच बघून सांगा. माका वर्गात सांगूचा असा.”