अधिकृत झीज

बोटं वळेनाशी झाली की गिटार विकून टाकावी, त्यात रडण्यासारखं काही नाही, असं मी घरच्यांना सांगितलं. घरच्यांनी ते लगेच मान्य केलं. एवढं लगेच करायला नको होतं.

शाळा चौथीत सुटली, पण गिटारीवरचा हात कधी सुटला नाही. बँडमध्ये लाल इलेक्ट्रिक गिटार मी वाजवायची. उजव्या हातातल्या बांगड्या घासून घासून तिचा पुढचा रंग गेला आणि आतलं लाकूड दिसायला लागलं. बँडमास्तर एकदा म्हणाले, वाजवताना बांगड्या काढून ठेवत जा. मी गळ्यातली गिटारच काढून त्यांच्या हातात दिली. पुन्हा तो विषय निघाला नाही.

विकताना माझी अट एकच होती. ती वाजवणाऱ्याच्या हातात जावी.

धाकट्या मुलाने मला वाद्यांच्या मोठ्या दुकानात नेलं. तिथे पारखी नावाचा हुद्दा असतो. पारखी स्वतः वाजवत नाही, म्हणून त्याला वाजवणाऱ्यांबद्दल निःपक्षपातीपणे बोलता येतं. त्याने हातमोजे चढवून गिटार उलटीपालटी केली.

"पुढची झीज कशाची?"

"बांगड्यांची."

"बांगड्यांची झीज आमच्याकडे धरत नाहीत, आजी. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे लागतात. इथे एकही नाही."

"मी कमरेला पट्टा बांधत नाही. आणि आजी तुझ्या घरी."

त्याने मनावर घेतलं नाही. सदर वाद्य जुनं असलं तरी वापरलेलं असल्याचं सिद्ध होत नाही, असा निकाल दिला आणि भिंतीवरच्या गिटारी दाखवल्या. त्या परवाच कारखान्यातून आलेल्या, पण दिसायला माझ्यापेक्षा थकलेल्या. कारखान्यात म्हणे झीज विभाग असतो. तिथे कोऱ्या गिटारी तासतात, ठोकतात, डागतात आणि 'अनुभवी' म्हणून टांगतात. कोरीपेक्षा अनुभवी महाग. धाकटा शिकलेला असल्यामुळे त्याला हे चटकन पटलं.

मग नियमानुसार काम सुरू झालं. अनधिकृत झीज काढल्याशिवाय अधिकृत झीज देता येत नाही. म्हणून बांगड्यांच्या खुणा बुजवल्या, वर नवा लाल रंग चढवला, आणि तो वाळल्यावर झीजवाल्याने पाठीवर बकलाचे ओरखडे काढले. किती वर्षांची झीज हवी, असं त्याने मला अदबीने विचारलं. मी म्हटलं, होती तेवढी. तर म्हणाला, तेवढी दिली तर लोकांना खोटी वाटेल.

आता ओरखड्यांना मालक हवा होता. मी समोरच बसले होते. पारख्याने मला अंबाड्यापासून चपलेपर्यंत पाहिलं.

"झीज आणि मालक जुळायला हवेत," तो म्हणाला.

दुकानातल्या केस वाढवलेल्या विक्रेत्याला बकल लावून उभं केलं आणि त्याचा फोटो काढला. मी उठायला लागले, तर धाकट्याने हात धरला.

"आई, तुझी अट काय होती? वाजवणाऱ्याकडे जावी. मग फोटो कुणाचा का असेना."

तेही खरंच. मी बसले. सांगितल्यावर ऐकण्याची माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ, आणि घरच्यांना ती आवडली असावी.

गिटार विकली गेली, एका हॉटेलला. मी बघायला गेले. गल्ल्यामागच्या भिंतीवर काचेच्या पेटीत होती. शेजारी त्या विक्रेत्याचा फोटो, खाली 'आयुष्यभर रंगमंचावर', त्याखाली 'हात लावू नये'. फोटोतल्या पोराला अजून मिशी नीट फुटली नव्हती, पण आयुष्य झालं होतं.

गल्ल्यावरच्या माणसाला मी विचारलं, ही कधी वाजवतात?

"वाजेल कशी, मावशी? खुंट्या काचेला लागत होत्या, म्हणून कापल्या. आतल्या विजेच्या ताराही काढल्या."

मी पुढे होऊन काचेवर हात ठेवला. बांगडी घासली आणि काचेवर बारीक ओरखडा उठला. त्याने लगेच फडकं आणलं. पुसून जाईना.

तुम्हीही त्या हॉटेलात गेला असालच. गिटारीखाली उभं राहून फोटो काढला असेल, "काय वाजवली असेल यार" म्हणाला असाल. मध्ये कुणी म्हातारी येत होती, तिला जरा बाजूला व्हायला सांगितलंत.

झाले मी बाजूला. फोटो चांगला आला ना?