कवळीवाल्या आजोबांची पदोन्नती

माणूस जिथे आहे तिथेच राहिला तर तो सापडतो, आणि सापडलेल्या माणसाला लोक काम सांगतात. म्हणून शहाण्याने आयुष्यात सतत पुढे सरकत राहावे. आमचे हरवले-सापडले कार्यालय याच एका तत्त्वावर उभे आहे.

कार्यालयाचे मूळ काम तसे किरकोळ. लोक बसमध्ये छत्र्या, डबे, चष्मे आणि क्वचित सासूबाई विसरतात. (सासूबाई आपल्या आपण घरी पोचतात आणि मग सगळ्यांना ते कळते, त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागत नाही.) कंडक्टर वस्तू आणून देतो, वस्तू फळीवर जाते, मालक खिडकीशी येऊन खूण पटवतो आणि वस्तू घेऊन जातो. वर्षानुवर्षे हे बिनबोभाट चालले होते आणि खरी चिंतेची बाब तीच होती. या सगळ्यात विकास कोणाचा होत होता? छत्री आली तेव्हा जो कारकून होता, तो छत्री गेल्यावरही कारकूनच.

मोठ्या साहेबांना हे बघवेना. त्यांनी निरंतर व्यावसायिक विकास योजना आणली आणि ती राबवायला एका बाईंना नेमले. त्यांना सगळे प्रगती-मॅडम म्हणतात. योजना सोपी आहे. प्रशिक्षणाला बसले की गुण मिळतात, गुण साठले की पद वाढते, पद वाढले की वरच्या दर्जाच्या प्रशिक्षणाला बसता येते. मध्ये कुठे काम आले तर तेवढ्यापुरते गुण गोठतात.

शिवाय प्रत्येकाने आपल्या प्रगतीचा आराखडा भरायचा असतो. त्यात तीनच प्रश्न. आज मी कुठे आहे? पुढच्या वर्षी कुठे असेन? आणि माझ्या वाटेतला अडथळा कोणता? तिसऱ्या प्रश्नाला सर्व कर्मचाऱ्यांनी, एकमेकांचे न बघता, एकच उत्तर लिहिले : 'खिडकी.'

कर्मचाऱ्यांचे म्हणणे ऐकून घेणारे कार्यालय असल्यामुळे हा अडथळा दूर करण्यात आला. पूर्वी आमच्याकडे एक साहेब आणि अकरा कारकून होते. आज अकरा साहेब आहेत आणि कारकून एकच उरला आहे. प्रगतीचा असा वेग इतरत्र फक्त महागाईत दिसतो. तक्रारीही पार थांबल्या आहेत. (तक्रारवही खिडकीवरच्या माणसाकडे मागावी लागते.)

शेवटचा कारकून तेवढा जुन्या वळणाचा होता. त्याला खिडकीत बसायची खोडच होती. त्याला मॅडमनी 'ग्राहकाचे ऐकून घेण्याचे कौशल्य' या दीर्घ प्रशिक्षणाला धाडले आणि खिडकीवर तशी पाटी लावली. पाटीखाली बारीक अक्षरांत लिहिले होते, 'गैरसोयीबद्दल येथे बोलू नये.'

अशा भरभराटीच्या दिवसांत, एका सोमवारी, कवळीवाले आजोबा खिडकीसमोर येऊन उभे राहिले.

आजोबा पेशाने शिंपी, आता निवृत्त. बसमध्ये शिंक आली, ती दाबायला रुमाल काढला आणि रुमालाबरोबर कवळीही उतरून ठेवली गेली. रुमाल खिशात परत आला. कवळी बसने पुढे गेली आणि रीतसर आमच्याकडे जमा झाली. खिडकीच्या काचेतून ती त्यांना स्वच्छ दिसत होती. दुसऱ्या फळीवर, एकट्या हातमोज्याच्या आणि शिट्टीच्या मधोमध, मालकाला ओळख दाखवल्यासारखी हसत बसली होती.

त्यांना घाई होती. येत्या रविवारी त्यांच्या नातीचे लग्न होते आणि नातीने सगळ्या पाहुण्यांत एकट्या आजोबांना अट घातली होती : "फोटोत तुम्ही दात दाखवून हसायचं. आजीच्या माघारी एकदाही हसला नाहीत. तोंड मिटून उभे राहिलात तर मी मांडवातून उठून जाईन, सांगून ठेवते."

आजोबा बाजूच्या दाराने आत शिरले. आत सभागृहात वर्ग चालला होता. मॅडम म्हणाल्या, "या, बसा. उशीर झाला तरी शिकायची इच्छा महत्त्वाची."

"मला शिकायचं नाही हो बाई, मला दात हवेत," आजोबा म्हणाले. (दात नसल्यामुळे त्यांचे शब्द थोडे वाऱ्यावर येत; इथे ते धुऊन-इस्त्री करून दिले आहेत.) "समोर दिसतायत. उचलून द्या, मी निघालो."

"आधी ध्येय स्पष्ट बोललात, छान!" मॅडमनी फळ्यावर लिहिले, 'ध्येय : दात.' "आता इथपासून तिथपर्यंत टप्पे कोणते पडतात ते बघू."

"टप्पे कसले? चार पावलं आहेत."

"चार टप्पे," मॅडमनी लिहून घेतले.

एवढ्यात हजेरीचा कागद फिरत आला. सत्तरी ओलांडलेला माणूस समोर आलेल्या कागदावर सही करतो, कारण सही केल्याशिवाय सुटका नाही हे त्याला औषधापासून निवडणुकीपर्यंत सगळ्यांनी शिकवलेले असते. आजोबांनी सही केली. पुढे बोळक्या तोंडाचा संकोच वाटून ते दिवसभर गप्प बसले. संध्याकाळी निकाल लागला. ऐकून घेण्याच्या कौशल्यात आजोबा पहिले आले. जो कारकून मुद्दाम याच प्रशिक्षणाला गेला होता, तो दुसरा आला आणि त्याने मान खाली घातली.

मंगळवारी आजोबा पुन्हा आले. जाताना शेजारच्या खुर्चीला म्हणाले, "मी शिंपी आहे. जन्मभर गिऱ्हाइकाला 'परवा या' म्हणत आलो, खोटं कशाला बोलू. पण शिवून झालेला कपडा समोर टांगलेला असताना कधी नाही म्हणालो. तेवढी लाज होती."

शेजारच्या खुर्चीने हे वाक्य स्वतःच्या आराखड्यात 'प्रेरणादायी विचार' म्हणून उतरवून घेतले आणि अर्धा गुण मिळवला.

बुधवारी मात्र आजोबांचे नशीब उघडले. विषयच होता 'वस्तू परत करण्याची कला', आणि प्रात्यक्षिकासाठी मॅडमनी फळीवरून साक्षात कवळी काढून आणली. कारकून कारकुनाच्या भूमिकेत बसला. (त्याचा हात सरावलेला होता, म्हणून त्याचे गुण कापण्यात आले.) मालकाच्या भूमिकेसाठी आजोबांना उभे केले.

"हे दात माझे आहेत," आजोबा म्हणाले.

"भावना आणखी येऊ द्या."

"अहो माझेच आहेत! डावीकडच्या दाढेला टवका आहे, सुपारी फोडताना उडालाय. बघा हवं तर. रविवारी नातीचं लग्न आहे माझ्या, पोरगी उठून जाईल मांडवातून!" आजोबांचे डोळे भरून आले.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन साहेबांनी रुमाल काढले. कारकुनाने खूण तपासली, कवळी आजोबांच्या तळहातावर ठेवली, आजोबांनी ती तोंडाकडे नेली; आणि मॅडमनी घंटा वाजवली. वेळ संपली होती. कवळी हातातून काढून घेऊन पुन्हा फळीवर ठेवण्यात आली. प्रात्यक्षिकात ती इतकी उपयोगी ठरली, की त्याच दिवशी 'सापडलेली वस्तू' या वर्गातून काढून 'प्रशिक्षण साहित्य' या वर्गात तिचीही बढती झाली. प्रशिक्षण साहित्य बाहेर नेता येत नाही.

मोठ्या साहेबांनी आजोबांचा खांदा थोपटला. "असा जिवंत मालक आमच्या कार्यालयात आजवर कोणाला जमला नव्हता."

शुक्रवारी गुणांची बेरीज झाली. आजोबा सगळ्यांच्या वर होते. ते कर्मचारी नाहीत, हा मुद्दा कोणीतरी काढला. पण नियमात 'गुण मिळवणारा' एवढेच लिहिले आहे, तो नोकरीत असावा असे कुठेही नाही. नियमाच्या बाहेर जाऊन कोणाची प्रगती रोखणे हे आमच्या परंपरेत बसत नाही. आजोबांना उपसंचालक (वस्तू-परतावा धोरण) नेमण्यात आले. आधीच्या अकरा साहेबांनी खोल्या अडवल्या असल्यामुळे त्यांचे टेबल फळ्यांच्या खोलीतच मांडले. कवळी आता खुर्चीतून हात लांबवला तर पोचेल इतक्या जवळ होती.

त्या दिवशी त्यांनी खरोखर हात लांबवला. तोच शिपाई दारात ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, काही हवंय का?"

आजोबांना साहेब म्हणणारा हा पहिलाच माणूस. जन्मभर त्यांनी लोकांची कंबर वाकून मोजली होती. आता खुर्ची गोल फिरत होती, दारावर पाटी होती आणि मोठे साहेब त्यांना बघून निम्मे उठत होते. (पूर्ण उठवायला आणखी दोन गुण लागतात.) आजोबांनी हात मागे घेतला आणि टेबलावरची टाचणी सरळ केली.

शनिवारी दुपारी नात आली. हाताला मेंदी, चपला धुळीने भरलेल्या, उद्याची नवरी. खिडकीच्या काचेला नाक लावून तिने हाक मारली, "आजोबा! अहो किती दिवस? घरी सगळे वाट बघतायत."

"प्रशिक्षण चालू आहे गं."

"दात तुमच्या कोपराशी आहेत. मला इथून दिसतायत!"

"दिसतायत ना? मग सुरक्षित आहेत."

"घाला ना मग तोंडात!"

"तसं नसतं बाळा. वस्तू द्यायची ती खिडकीवरून. खिडकी कारकुनाची. मी आता त्या पातळीवरचं काम करू शकत नाही. खाली यायचं तर आराखडा बदलावा लागेल, आणि त्यात खाली जायचा बाण नाही."

नातीने काचेवरून नाक बाजूला घेतले. मग हळू म्हणाली, "आजोबा, लग्न उद्या आहे."

आजोबांनी समोरची दैनंदिनी उघडली, चष्मा वर केला, आणि अगदी मनापासून, मऊ आवाजात म्हणाले, "परवा या."

लग्न झाले. नात मांडवातून उठली नाही. फोटोत आजोबा मधोमध आहेत, तोंड मिटून. आमच्याकडे आल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा अधिकार आलाय, असे सगळे म्हणतात. नात त्याच फोटोत कॅमेऱ्याकडे न बघता त्यांच्याकडे बघते आहे. हा फोटो आम्ही 'घर आणि प्रगती यांचा समतोल' या पाठासाठी मागवून घेतला आहे. तोही आता बाहेर नेता येत नाही.

प्रस्तुत मजकूर स्वयंअध्ययनासाठी मंजूर असून तो शेवटपर्यंत वाचल्याबद्दल आपल्याला अर्धा गुण देण्यात येत आहे. मध्ये कुठे हसला असाल तर 'संस्थेकडे त्रयस्थपणे पाहण्याची क्षमता' म्हणून आणखी पाव. सही खाली करावी.

आणि आपण वाचायला सुरुवात केल्यापासून टेबलापलीकडे कोणीतरी उभे आहे, त्यांच्याकडे बघण्याची घाई नाही. सही आधी.