मधल्या दाराची किल्ली

सोयीचा विवाह ही आपल्या समाजातील अत्यंत गंभीर संस्था आहे. असा विवाह शेवटपर्यंत सोयीचाच राहिला, अशी नोंद मात्र अद्याप कोठेही झालेली नाही.

राजेसाहेब आजारी आहेत, कारभार युवराज पाहतात आणि उरलेला देश नाचाच्या समारंभांना जातो. अशा काळात एखादा लॉर्ड एखाद्या कुमारिकेला सांगतो, "मला पत्नी हवी आहे, प्रेम नको." ती म्हणते, "मलाही." त्या क्षणापासून आसपासच्या वीस मैलांतले सर्व जबाबदार नागरिक कामाला लागतात. आमच्या परगण्यात गेल्या काही हंगामांत असे अकरा विवाह झाले. अकराही जोडपी प्रेमात पडली. पैकी सहा वादळी पावसात, तीन घोटा मुरगळल्यामुळे, एक नवरा तापात कोणा बाईचे नाव बरळल्यामुळे (नाव बायकोचेच निघाले) आणि एक पिस्तुलाची गोळी खांद्याला लागल्यामुळे. गोळी नेहमी खांद्यालाच लागते. पोटात शिरलेल्या गोळीचा प्रेमाला काही उपयोग होत नाही, असे आमचे डॉक्टर सांगतात.

या उज्ज्वल परंपरेला कूम्ब हॉलच्या लॉर्ड हेलस्टन यांनी काळिमा फासला.

लॉर्डसाहेब उंच, काळ्या भिवयांचे आणि अबोल. म्हणजे कच्चा माल उत्तम होता. त्यांना घड्याळे दुरुस्त करण्याचा नाद. पण दर मंगळवारी कोणीतरी आई उपवर मुलीला घेऊन "इकडून चाललोच होतो" म्हणत टपके, आणि मुलगी उघडून ठेवलेल्या घड्याळाला "किती गोड" म्हणून बोट लावी. यावर उपाय म्हणून त्यांनी मिस डॉर्कस विन्यार्ड यांना मागणी घातली.

मिस डॉर्कस काकांकडे वाढल्या. काकूंनी त्यांच्या खोलीची कडी काढून टाकली होती ("मुलीच्या जातीला कडी कशाला?"). त्यांना आलेली पत्रे काकू आधी वाचत, आणि त्यांनी लिहिलेल्या पत्रांतल्या शुद्धलेखनाच्या चुका जेवताना सर्वांना सांगत. वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत मिस डॉर्कस यांनी एकदाही दार आतून लावले नव्हते. मागणी ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तुमच्याकडे दारांना किल्ल्या आहेत?"

"आहेत. कुलपं गंजलीत जरा," लॉर्डसाहेब म्हणाले. "तेल घालून देईन."

लग्न ठरले. अटी तीन: नाश्ता एकत्र, रविवारी चर्च एकत्र, आणि दोघांच्या शयनगृहांमध्ये जे मधले दार आहे त्याची किल्ली पत्नीकडे.

लोकांनी रीतसर वाट पाहिली. पत्नीच्या खोलीचे बाहेरचे दार बोळात उघडते आणि त्याच्या कुलपाच्या भोकातून मधले दार समोर स्वच्छ दिसते. (हे कोणी शोधून काढले याची चौकशी झाली नाही, कारण चौकशी करणाऱ्यांनाही ते ठाऊक होते.) घराची व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस प्लिमली यांनी बोळातल्या त्या दारापुढे विटेची तांबडी पूड पसरायला सुरुवात केली. सकाळी ज्याचे गुडघे तांबडे, त्याला चहा नाही. पहिल्या आठवड्यात दोन मोलकरणी आणि एक गाडीवान चहाला मुकले. दुसऱ्या आठवड्यात रेव्हरंड क्रिम्प. ते वास्तूला आशीर्वाद द्यायला आले होते.

मधले दार उघडले नाही.

तेव्हा लॉर्डसाहेबांच्या मातोश्री, थोरल्या लेडी हेलस्टन, यांनी सूत्रे हाती घेतली. प्रथम त्यांनी घोडागाडीचे चाक ढिले करवले. गाडी ठरल्याप्रमाणे ऑबेद गज यांच्या खाणावळीसमोर मोडली. गजकडे मुक्कामाच्या नऊ खोल्या आहेत. त्यांपैकी आठ तो अशा प्रसंगी कुलूपबंद करतो. दुसऱ्या दिवशी तो तक्रार घेऊन आला.

"एकच खोली दिली, एकच पलंग, वर शेकोटीही विझवली," तो म्हणाला. "साहेबांनी काय करावं? माझं जिन्यातलं घड्याळ दुरुस्त केलं. वडील गेल्यापासून बंद होतं ते."

"आणि सूनबाई?"

"घोरत होत्या, मिलेडी."

"घोरत?"

"तालात."

मग होडी उलटवण्यात आली. तळे मध्यभागी गुडघाभर निघाले. दोघे चालत काठावर आले, कपडे बदलून वाटाण्याचे सूप प्यायले आणि शिंकलेसुद्धा नाहीत. ताप आला असता तर निदान कोणी बरळले तरी असते.

एका शुक्रवारी नाश्त्याच्या वेळी थोरल्या बाईंनी अंड्याचे टरफल फोडत जाहीर केले, "सोमवारी सुतार येतोय. ते मधलं दार काढून टाकतोय आपण. बिजागऱ्या कुरकुरतात."

"ते दार उघडतच नाही, आई," लॉर्डसाहेब म्हणाले. "कुरकुरेल कसं?"

"तेच म्हणतेय मी. आणि सूनबाई, तोंड पाडू नकोस. माझ्या सासूने तर अख्खी भिंत पाडली होती. आता बघ, मला पाच मुलं आहेत."

 धाकट्या लेडी हेलस्टन यांनी पाव बशीत ठेवला आणि खिशातली किल्ली मुठीत धरली. बोटे पांढरी होईपर्यंत धरली, असे मिसेस प्लिमली सांगतात.

नाश्त्यानंतर नवरा-बायको बागेत फिरायला गेले.

"मी पुन्हा बिनकडीच्या खोलीत राहणार नाही, हेलस्टन," त्या म्हणाल्या. "त्यासाठी काय वाटेल ते करीन. प्रेमात पडावं लागलं तरी."

लॉर्डसाहेबांनी विचार केला. "कधी पडायचं म्हणता?"

"उद्या नाच आहे. सगळे येणार आहेत."

"उद्या एक स्प्रिंग बसवायची होती. पण ठीक आहे. मला काय करावं लागेल?"

"आधी मी दुसऱ्या कोणाबरोबर नाचले की जळा. मग पावसात भिजा. मग सगळ्यांदेखत मला नावाने हाक मारा."

"पाऊस नसला तर?"

"माळ्याला सांगते मी."

प्रेम शनिवारी, परगण्यातल्या सर्व मान्यवरांच्या उपस्थितीत, पार पडले. लेडी हेलस्टन एका घोडदळाच्या कॅप्टनबरोबर दोनदा नाचल्या. लॉर्डसाहेबांनी भिवया आवळल्या (त्या भिवयांचा योग्य वापर प्रथमच झाला). ते ताडताड गच्चीवर गेले. आकाश निरभ्र होते. माळ्याने वरच्या सज्जातून दोन झाऱ्या ओतल्या. निथळत आत येऊन लॉर्डसाहेब दिवाणखान्याच्या मधोमध उभे राहिले.

"डॉर्कस," ते म्हणाले, "मी मूर्ख होतो."

"होतातच," लेडी हेलस्टन म्हणाल्या. हे वाक्य तालमीत नव्हते. त्यावर लॉर्डसाहेब हसले. तेही नव्हते.

तीन स्त्रियांना भोवळ आली. चौथीलाही येणार होती, पण खुर्ची उरली नव्हती. थोरल्या लेडी हेलस्टन समाधानाने रडल्या, सुताराला नको म्हणून निरोप धाडला आणि आपले कर्तव्य संपल्याचे सांगून हवापालटासाठी बाथ गावी निघून गेल्या. परगण्याचे लक्ष लगेच शेजारच्या एका ड्यूककडे वळले; त्याने आपल्या मुलांच्या शिक्षिकेशी सोयीचा विवाह केला आहे. कूम्ब हॉलच्या बोळातली तांबडी पूड त्या दिवसापासून जशीच्या तशी आहे. प्रेमात पडलेल्या जोडप्यात कोणालाही रस नसतो. लेडी हेलस्टन यांना आयुष्यात प्रथमच पूर्ण एकांत मिळाला.

किल्ली त्यांच्याच खिशात आहे. दार जागेवर आहे. बातमीदार म्हणून माझे काम येथे संपते. एवढेच नोंदवतो, की लेडी हेलस्टन यांच्या खोलीतले घड्याळ, जे कधी मिनिटभरही मागे पडले नव्हते, शनिवारपासून तीनदा बंद पडले आहे. दुरुस्त होऊनही ते पुन्हा बिघडते. त्यात बिघाड काय आहे, आणि दुरुस्ती दाराच्या कोणत्या बाजूला होते, हे मला ठाऊक नाही.

हे वाचताना आपण थोडे पुढे वाकलात. संकोचू नका. या बाईला एकदाचे दार आतून लावून घेऊ द्या, असे मघापासून मनात म्हणणारे सर्वच जण या ठिकाणी वाकतात. मिसेस प्लिमली यांची फक्त एवढी विनंती आहे, की उठल्यावर गुडघे बाहेर झटकावेत. चहाची वाट पाहू नये.