बावीस वळणांचा सरळ रस्ता

नियम साधा होता. स्पोर्ट्स कारचं सस्पेन्शन रस्त्याच्या सरकारी वर्णनाशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर गाडीला शिक्का नाही, आणि तीन गाड्या नापास झाल्या की गॅरेजला टाळं.

स्प्रिंगताईच्या गॅरेजमधल्या दोन गाड्या नापास झाल्या होत्या. तिसरी दंतवैद्यांची, लाल, रोज तळ्याच्या रस्त्याने जाणारी. त्या रस्त्याला बावीस वळणं, आणि एकेका वळणावर डांबर उखडलेलं. गुळगुळीत रस्त्यावर कडक सस्पेन्शन शोभतं. इथे कडक लावलं की चाक खड्ड्यावरून उडतं आणि गाडी वळायचं सोडून टुणटुण नाचते. म्हणून ताईने चारही शॉकअब्सॉर्बरचे स्क्रू चार-चार खटके फिरवून ते मऊ केले होते.

तपासनीसांनी नोंदवही उघडली. "हे मऊ कशाला? तळ्याचा रस्ता वर्ग एक. सरळ आणि गुळगुळीत."

"सरळ? साहेब, बावीस वळणं आहेत!"

"नकाशा बघा." नकाशात रस्ता पट्टीने आखलेला होता. "मोजणीच्या दिवशी खात्याकडे पट्टीच उपलब्ध होती."

"मग बसा गाडीत. स्वतःच बघा."

"बसतो. पण आधी नियमाप्रमाणे कडक करा."

ताईने कडक केलं. तिसऱ्या वळणाला साहेबांनी दाराची मूठ धरली, नवव्याला डोळे मिटले, चौदाव्याला गाडी थांबवायला लावून कठड्यावर ओणवे झाले.

"काय म्हणता साहेब, सरळ आहे ना?"

"सकाळचं काहीतरी बाधलं," साहेब तोंड पुसत म्हणाले.

अहवाल संध्याकाळी आला. 'रस्ता सरळ आढळला. गाडी मात्र बावीस ठिकाणी विनाकारण वळली. चौकशी पूर्ण होईपर्यंत सस्पेन्शन कडकच ठेवावे.' मऊ करायचा मोह होऊ नये म्हणून त्या स्क्रूंवर सरकारी चिकटपट्टीही आली. फाटल्यास गॅरेज बंद.

ताईने अहवाल दोनदा वाचला. गल्ल्यावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो. तू आपलं वाघोबा म्हण आणि दुकान वाचव."

ताई वाघोबा म्हणाली. लाल गाडी पास झाली. तळ्याच्या रस्त्याने जाणारी प्रत्येक गाडी आता कडक आहे, आणि एकाही मालकाची तक्रार नाही, यावरून रस्ता सरळ असल्याचं खात्याने सिद्धही केलं आहे. दंतवैद्य दवाखान्यात पोचतात तेव्हा पेशंटपेक्षा तेच पांढरेफटक दिसतात. पण सकाळचं काहीतरी बाधलेलं असतं.

ताईला तिचं मन मात्र खात राहिलं. म्हणून सासूबाई सीटकव्हरच्या उरलेल्या रेक्झिनच्या छोट्या पिशव्या शिवतात, आणि गाडीच्या किल्लीबरोबर एकेक मोफत देतात.

परवा तुम्हीही घेतलीत. कशासाठी, हे विचारलं नाहीत. शिवण पक्की आहे ना, एवढंच विचारलंत. आणि जाता जाता घरच्यांसाठी आणखी दोन मागितल्यात.