अण्णांचं चित्र वाटेत विरतं

तासगावकर अण्णांच्या घरी मधल्या खोलीतून हॉलमध्ये जायचं असेल तर वाकून जावं लागतं. चौकट ठेंगणी आहे म्हणून नव्हे. चांगला सहा फुटी माणूस डोक्यावर पटका बांधून जाईल एवढी ती उंच आहे. वाकायचं अशासाठी, की मधल्या खोलीतल्या कॉम्प्युटरकडून हॉलमधल्या टीव्हीकडं हवेतून चित्र जात असतं, आणि आपण ताठ चाललो तर ते आपल्या छातीवर आपटतं. हे माझं म्हणणं नाही हो, अण्णांचं आहे.

"वाक, सुमे, वाक! चित्र यायलंय!" असं ते ओरडतात. आणि मी, बँकेच्या काउंटरवर दिवसभर लोकांना दरडावणारी बाई, हातातली आमटीची वाटी सांभाळत कमरेत वाकते. अण्णांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणतो. तिचे गुडघे गेलेले, तिला वाकता येत नाही. त्यामुळं ती चहाचा ट्रे घेऊन मागच्या दारानं बाहेर पडते, घराला वळसा घालते आणि पुढच्या दारानं पाहुणीसारखी हॉलमध्ये येते. चहा तोवर गार झालेला असतो.

एकदा मी न राहवून विचारलं, "अण्णा, मध्ये अख्खी भिंत आहे. चित्र भिंतीतून जातं, मग माझ्यातून का जात नाही?"

"भिंत एका जागी उभी असती. तू हलतीस."

मी वाटी सावरली आणि आणखी चार बोटं वाकले.

आमचं घर आणि अण्णांचं घर मळमड्डी नावाच्या पेठेत भिंतीला भिंत लागून आहे. अण्णांचं हुबळीच्या बाजारात साड्यांचं दुकान. त्यांचे आजोबा तासगावाकडून आले आणि इथलेच झाले. आता दुकान पुतण्या बघतो आणि अण्णा घरी बसलेत, पण दुकान काही त्यांच्या डोक्यातून उठलेलं नाही. जगातल्या एकूण एक गोष्टी ते कापडातच मोजतात. अक्काच्या आमटीत हळद कमी पडली की "रंग उतरलाय." जावई बरा निघाला म्हणजे "पक्क्या रंगाचा निघाला." माझ्याबद्दल तर त्यांनी माझ्यासमोरच सांगून टाकलंय, "सुमी म्हणजे जाडीभरडी खादी. टोचती, पण टिकती." मी रागवावं की खूश व्हावं हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

तर अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर कसा शिरला, ते सांगते. त्यांची एकुलती एक मुलगी विद्या कॅनडात असते. तिची मुलगी इरा सात वर्षांची झाली, जन्मली तिकडंच. आजोबांनी नात अजून प्रत्यक्ष पाहिलेली नाही. विद्या फोनवर व्हिडिओ पाठवायची. पण फोनवरून पाठवताना व्हिडिओ दाबून बारीक होतो, त्यातली सफाई जाते, हे अण्णांना कुणीतरी सांगितलं आणि झालं! त्यांनी मुलीला फर्मान सोडलं, "चोळामोळा केलेला माल नको. कोरा तागा पाठीव. कापायचा नाही, दुमडायचा नाही."

विद्या बिचारी तेव्हापासून भल्यामोठ्या फायली पाठवते. फाईल उतरायला अर्धा दिवस लागतो. तेवढ्यासाठी पुतण्याचा जुना कॉम्प्युटर आला, बाजेएवढा टीव्ही आला. पेनड्राईव्ह लावून बघितला, तर टीव्ही म्हणे हा प्रकार मला ओळखता येत नाही. लांब वायर टाकावी तर अक्का अडखळून पडायची. मग केबलवाल्या मंजुनाथनं हवेतून पाठवायची युक्ती शिकवली. फाईलवर उजवं बटण दाबायचं, कुठल्या टीव्हीवर पाठवू असं कॉम्प्युटर विचारतो, टीव्हीचं नाव दाबायचं, की चित्र निघालं.

हा सगळा खटाटोप एका खळीसाठी होता. इराच्या हनुवटीला खळी आहे, थेट अण्णांच्या आईसारखी, असं विद्या म्हणायची. अण्णांची आई ते लहान असताना गेली. तिचा एकसुद्धा फोटो नाही. अण्णांना आईच्या चेहऱ्यातलं बाकी काही आठवत नाही, फक्त ती हनुवटी आठवते. तेवढी खळी एकदा नीट बघायची, बस्स, दुसरं काही मागणं नव्हतं.

आणि नेमकी तीच त्यांना दिसत नव्हती. इरा टीव्हीवर नाचायची, केक कापायची, बर्फात घसरायची, आणि अण्णा पुटपुटायचे, "माल तिकडनं चोख निघतोय. वाटेत विरतोय."

"दिसतीय की वो," अक्का म्हणायची. "तांदळाचा दाणा ठेवला तर बसंल."

मलाही दिसत होती. मी तसं म्हटलं तर अण्णा माझ्यावर उखडले. "तुम्हा बायकांचं मला सांगू नका. दुकानात येऊन रंग जाणारी साडी नेता आणि वर छान आहे म्हणता!"

मग सुरू झाले प्रयोग. साडीचा रंग ट्यूबच्या उजेडात बघायचा नसतो, उन्हात न्यायचा असतो, हा धंद्याचा नियम. म्हणून अण्णांनी टीव्ही ओढत पुढच्या दारात आणला, पडदे काढले, खिडक्या सताड उघडल्या. भर दुपारच्या उजेडात टीव्हीवर काय दिसणार, कपाळ! आमचीच तोंडं दिसली. पण अण्णा म्हणाले, "आता जरा बरं आहे." कुणाला बरं होतं देव जाणे. रस्त्यावरून जाणारा रिक्षावाला मात्र रिक्षा थांबवून आत बघत राहिला.

मग वायफायच्या डबीवर संक्रांत आली. ती आधी कपाटावर होती, तिथून लोणच्याच्या बरणीवर आली आणि शेवटी देवघरात गेली. तिथं अक्कानं सवयीनं तिला सकाळचं हळदीकुंकू वाहिलं. मंजुनाथ आला तेव्हा डबीची दोन भोकं कुंकवानं बंद झाली होती.

मंजुनाथ रायापूरहून यायचा. इतक्या वेळा आला की अक्काच्या साखरेचा डबा कुठं असतो ते त्याला पाठ झालं. दर वेळी सगळं तपासून तो कानडीत म्हणायचा, "येल्ला सरि ऐत, अण्णा." सगळं ठीक आहे.

"सरि ऐत तर दिसत का नाही? आणि हा टीव्ही तू वाकडा लावलास. बघ ती कड कशी लाटेसारखी गेलीय."

मंजुनाथनं फोनमधला तो सरळ-वाकडं दाखवणारा पाण्याचा बुडबुडा काढला, टीव्हीवर टेकवला. बुडबुडा बरोब्बर मधोमध.

"मग भिंत वाकडी असंल," अण्णा म्हणाले.

बाहेर आल्यावर मंजुनाथनं मला गाठलं. "ताई, त्यांना बघायचंय तरी काय?"

"नातीच्या हनुवटीची खळी."

"ती दिसते की!"

"दिसते."

"मग?"

"मग काय ते मला कळलं असतं तर मी तुझी नोकरी केली नसती का, बाबा!"

खरं सांगते, माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता. मी घरी येऊन माझाच चष्मा साबणानं धुतला. रोज एक माणूस समोर बसून दिसत नाही, दिसत नाही म्हणतो, तेव्हा आपल्याला जे दिसतंय ते खरंच दिसतंय का, असं वाटायला लागतं.

शेवटचा उपाय म्हणून मंजुनाथनं अण्णांचं इंटरनेट काही दिवस माझ्या घरच्या डबीवर जोडलं. लाईन बदलून बघू म्हणाला. त्यातून पुढचा घोटाळा झाला.

श्रावणातला शुक्रवार होता. माझ्याकडं हळदीकुंकवाला बायका आलेल्या. टीव्हीवर कुणीतरी कोथिंबीरवडी शिकवत होतं आणि आम्ही तिला नावं ठेवत होतो. तेवढ्यात वडी गेली आणि पडदाभर एक मुलगी नाचायला लागली. मी रिमोट दाबला, काही होईना. आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "यायलंय! वाका! वाका!"

आमच्याकडच्या दोघीजणी खरोखर वाकल्या. त्यांतली एक तर हात जोडून वाकली.

डबी एक झाल्यामुळं त्यांच्या यादीत माझाही टीव्ही आला होता आणि अण्णांनी त्याचंच नाव दाबलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी भिंतीशी जाऊन ओरडले, "अण्णा, तुमची नात आमच्याकडं आलीय!"

अण्णा धावतच आले. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात अक्काची. बायकांना राम राम नाही, काही नाही, सरळ टीव्हीपाशी गेले आणि नाक काचेला लागेल इतके जवळ उभे राहिले. मान तिरकी करून बघितलं, मग दुसरीकडून तिरकी करून बघितलं. बायकांनी हळूच ओट्या आवरल्या आणि एकेक करून त्या निघून गेल्या.

"इथं पण विरलंय," अण्णा म्हणाले.

माझा पाराच चढला. "अण्णा, पुरे हं! टीव्ही माझा. डबी माझी. फाईल तीच. मला दिसते, अक्काला दिसते, मंजुनाथला दिसते, आता ह्या सगळ्या बायकांनी पण बघितली. एकदा जाऊन डोळे दाखवून या!"

अण्णा खुर्चीवर बसले. आधी हातानं खुर्ची चाचपली आणि मग बसले.

"दाखवले की," ते म्हणाले.

"कधी?"

"गेल्या दसऱ्याच्या आधी. हुबळीला दुकानात जातो सांगून गेलो. डॉक्टर म्हणाला, नजरेचा मधला भाग चाललाय. कडेचं दिसंल. चालता येईल, फिरता येईल. पण ज्याच्याकडं बघावं तेच दिसणार नाही. इंजेक्शनं घेतो मी, पण गेलेलं परत येत नाही म्हणाला."

"आणि तुम्ही आम्हा सगळ्यांना कामाला लावलंत? त्या मंजुनाथचा जीव खाल्लात? वायफायमध्ये काही दोष नाही हे तुम्हाला माहीत होतं!"

"माहीत होतं गं. पण वायफाय बिघडलं म्हटलं की दुरुस्त करायला माणूस बोलावता येतो. तो आला की वाटायचं, आज होईल."

मी तिथंच जमिनीवर बसले.

"अक्काला बोलू नकोस," ते म्हणाले. "ती त्याच दिवशी विद्याला फोन लावील. विद्याचे तिकडं कायम राहायचे कागद अर्धे झालेत. आत्ता ती इकडं आली तर तिला परत आत घेणार नाहीत. दोन वर्षांनी येते म्हणालीय. तवर हे दुकान बंद होतंय." त्यांनी डोळ्यांकडं बोट केलं. "म्हणून घाई. दुसरं काय?"

टीव्हीवर इरा अजून नाचत होती. मला ह्या नव्या रिमोटमधलं काहीएक कळत नाही, पण मी हातात घेतला आणि दिसेल ते बटण दाबत गेले. आवाज गेला, परत आला, काहीतरी इंग्रजीत उमटलं, आणि मग चित्र थांबलं. नाचता नाचता इरानं वर बघितलं होतं. पडदाभर तोंड.

"अण्णा, इकडं या," मी म्हटलं आणि त्यांचा हात धरून त्यांना टीव्हीपाशी नेलं. त्यांचं बोट मी काचेवर ठेवलं. "हे कपाळ. टिकली लावलीय, लाल. हे नाक, जरा फेंदारं आहे, तुमचंच आहे. हे ओठ. वरचा एक दात पडलाय."

"पडला?"

"पडला. आणि ही बघा, ही."

बोट हनुवटीवर थांबलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते.

"खोल आहे का गं?"

"चांगली खोल आहे."

"मधोमध का बाजूला?"

"जरा डावीकडं."

"डावीकडंच," ते स्वतःशी म्हणाले. "मांडीवर घेतली की मी तिथं बोट घालायचो. ती म्हणायची, काढ रे, गुदगुल्या होतात." आणि सत्तरीचा तो माणूस माझ्या हॉलमध्ये, लाल टिकलीच्या त्या थांबलेल्या तोंडासमोर, खुदकन हसला.

मला रडू कोसळलं. आवाज होऊ नये म्हणून मी पदर तोंडात धरला. डोळे पुसायची गरजच नव्हती, अण्णांना कुठं दिसणार होतं?

"नाक ओढू नकोस," अण्णा म्हणाले. "कान कसे आहेत, ते सांग."