पोपटी साडीची चिठ्ठी

“रविवारना कार्यक्रममा मी तुमन्या चिठ्ठ्या वाचसू. सगळी गल्ली येनार शे,” प्रमिलाबाईंनी भाकरी तव्यावर टाकता टाकता जाहीर केलं, आणि सुकदेवअप्पांना चहाचा ठसका लागला.

सुरतेतल्या गोडादऱ्यात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी देवळाचा हॉल आहे. तिथे सुषमाताई नावाच्या उत्साही बाई गेल्या आषाढापासून बायकांना दुपारी लिहायला-वाचायला शिकवत होत्या. प्रमिलाबाईंचं वय अठ्ठावन्न. पहिल्या दिवशी त्या पाटी पदराआड लपवून गेल्या. आता गल्लीतल्या दुकानांच्या मराठी पाट्या मोठ्यानं वाचत बाजार करत. रविवारी वर्गाचा समारंभ होता. प्रत्येकीनं आपल्या घरचं काहीतरी वाचून दाखवायचं, असं सुषमाताईंनी सांगितलं होतं. कोणी नातवाचं प्रगतिपुस्तक आणणार होतं, कोणी औषधाचा कागद. प्रमिलाबाईंकडे मात्र बिस्किटाच्या डब्यात तेवीस चिठ्ठ्या होत्या. नवऱ्यानं, म्हणजे अप्पांनी, सुरतेहून गावी पाठवलेल्या, निळ्या इनलँडच्या, छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वीच्या.

“वाच की,” अप्पा म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

अडचण एवढीच होती, की अप्पांना वाचता येत नव्हतं. लिहिता तर मुळीच नाही. लग्न ठरवताना त्यांच्या वडिलांनी मुलीकडच्यांना “पोऱ्या चौथी पास शे” असं ठोकून दिलं, आणि ती चौथी अप्पा आजतागायत सांभाळत आले होते. रोज सकाळी चहाच्या हातगाडीवर ते पेपर उघडून बसत, फोटो बघून “कठीण शे बुवा” म्हणत आणि घडी घालून ठेवत. कोणी काही वाचायला पुढे केलं की चष्मा घरी राहिलेला असे. सही तेवढी घोटून घोटून पाठ केली होती.

आणि चिठ्ठ्या? त्या राघोनं लिहिल्या होत्या. सुरतेतच, बमरोलीत, तेव्हा अप्पांच्या खोलीत बारा यंत्रमाग कामगार राहायचे. सहा दिवसपाळीचे, सहा रातपाळीचे, आणि गाद्या सहाच. खोलीला मागाच्या तेलाचा आणि करपलेल्या डाळीचा वास यायचा. बारा जणांत अक्षरओळख असलेला राघो एकटा. रविवारी तो उंबऱ्यात मांडी घालून बसायचा आणि एकेक जण त्याच्यापुढे जाऊन हळू आवाजात आपल्या बायकोशी बोलायचा. बाकीचे दहा भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घ्यायचे. काय दिवस होते! चूल एक, पातेलं एक, आणि मनातलं कागदावर उतरवणारा हातही एकच. राघो आता नाही.

तर प्रमिलाबाई वाचतात तर वाचू देत, अक्षर कोणाचं हे कागदावर थोडंच लिहिलंय, अशी अप्पांनी मनाची समजूत घातली. ती गुरुवारी दुपारपर्यंत टिकली. दुपारी वाल्मिक आला.

वाल्मिक त्याच खोलीतला, गादीचा भागीदार. आता बमरोलीतच मुलाकडे राहत होता. त्यानं अप्पांना खेचत गच्चीवर नेलं आणि खिशातून एक निळं इनलँड काढलं.

“हाई देख. मनी सुंदराना पेटीमा सापडनी. छत्तीस साल तिनी फोडीच नव्हती.”

“काबरं?”

“तवा वाचनारा घरमा मना भाऊ एकलाच. दीरना तोंडथीन नवरानी चिठ्ठी कशी ऐकू, म्हने. लाजनी आनी तशीच ठी दिन्ही. परवा आमनी सूनबाई पूजानी फोडी, आनी पहिलीच ओळ वाची, ‘सौ. प्रमिला हिस आशीर्वाद.’ मी हातमाथीन खेची लिधी. दुसरानी चिठ्ठी, आपन कशी ऐकानी?”

अप्पांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. त्या रविवारी राघो डबल पाळी करून आला होता. दोघांची पत्रं त्यानं लिहिली, चिकटवली आणि मग पेंगत पेंगत पत्ते घातले. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे.

“म्हंजे तुनी चिठ्ठी…”

“तुना घरमा शे,” वाल्मिक म्हणाला. “‘सौ. सुंदरा’ लिखेल. आनी तिन्हामा मी पोपटी साडी सांगेल व्हती.”

पोपटी साडी! या साडीनं त्यांच्या संसारात छत्तीस वर्षं धुमाकूळ घातला होता. दर दिवाळीला प्रमिलाबाई विचारायच्या, “चिठ्ठीमा लिखं व्हतं ती पोपटी साडी कोठे शे?” आणि दर दिवाळीला अप्पा देवाची शपथ घ्यायचे, की मी असं लिहिलंच नाही. अख्ख्या गावाला साड्या पुरवणाऱ्या शहरात राहून त्यांनी हट्टानं हिरव्या रंगाची एकही साडी घरात आणली नव्हती. त्या काळी गावी शेजारची तारा चिठ्ठ्या वाचून दाखवायची. गल्लीतली सातवी पास झालेली ती एकटीच मुलगी. ‘सुंदरा’ वाचल्यावर बिचारीनं शहाणपणानं नाव बदललं असणार. आता मात्र प्रमिलाबाई स्वतः वाचणार होत्या, तेही माइकवर!

“मंग सांगी दे तिले, पत्ता बदलनात म्हनीसन,” वाल्मिक म्हणाला. त्याला सोपं होतं. त्यानं चौथी सांगितली नव्हती.

“कसं सांगू? राघोनी लिखी म्हनं, त मी अडानी ठरस. मी लिखी म्हनं, त हाई सुंदरा कोन ते सांगनं पडी!”

यावर एकच इलाज होता. ती चिठ्ठी डब्यातून काढायची. प्रमिलाबाई वर्गाला गेल्या होत्या. अप्पांनी डबा गच्चीवर आणला, झाकण उघडलं, आणि दोघं तेवीस चिठ्ठ्यांकडे बघत बसले. यातली सुंदराची कोणती?

“तुले वाचता येस?” अप्पांनी उगाच विचारलं.

“येतं त राघोकडे कसाले जातू?”

पण दोघांनी जन्मभर मागावर उभं राहून धावत्या कापडातला तुटका धागा नजरेनं टिपला होता. वाल्मिकनं आणलेलं पत्र त्यांनी नमुना म्हणून मध्ये ठेवलं. एकेक चिठ्ठी शेजारी धरून वरची ओळ ताडून पाहिली. आकडा इकडे वळतो, काना तिकडे उभा आहे, हे जुळतं, हेही जुळतं. तासाभरात बावीस चिठ्ठ्या एका बाजूला गेल्या. तेविसावी, हळदीचा डाग असलेली, वेगळी निघाली. तिच्या वरच्या नावात अप्पांच्या सहीतलं पहिलं अक्षर होतं. ‘सु’. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. सहीबाहेर कुठे ते अक्षर ओळखू येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती, पण आनंद करायला सवड नव्हती. चिठ्ठी बनियनमध्ये गेली. नमुन्याची, म्हणजे प्रमिलाबाईंच्या नावाची खरी चिठ्ठी, कोटाच्या खिशात गेली.

तिच्यात काय असणार हे अप्पांना पक्कं आठवत होतं. त्यांनी राघोच्या कानाशी लागून सांगितलं होतं, की एक खोली बघितली आहे, तू ये, तुझ्याशिवाय करमत नाही. त्या चिठ्ठीला उत्तर आलंच नाही. दीड वर्ष अप्पा रुसून होते, आणि आपण कशावरून रुसलोय हेही त्यांनी कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी गहजब झाला.

“मनी हळदना डागनी चिठ्ठी कोठे गई?” प्रमिलाबाई ओरडल्या. वाचता येत नव्हतं तेव्हापासून त्या प्रत्येक चिठ्ठी घडीवरून, डागावरून ओळखत होत्या. हे अप्पांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

गाद्या उलटल्या, पिंप सरकवलं, देव्हाऱ्यातले देव खाली उतरले. शेजारच्या इंदुबाई आल्या, त्यांच्यामागून वर्गातल्या सहा-सात जणी आल्या. कोणी म्हणालं उंदरानं नेली. इंदुबाईंनी ठामपणे सांगितलं, की दुपारी पस्तीवाला रद्दी मागत गल्लीतून गेला होता.

“मंग बठेल काय शेत? जा ना!” प्रमिलाबाई अप्पांवर गरजल्या.

आणि पोटाशी चिठ्ठी धरून अप्पा चिठ्ठी शोधायला निघाले. मागे आठ बायका.

पस्तीवाल्या संदीपच्या दुकानात कागदांचे डोंगर होते. “काकी, कसम से, तुम्हारे घर का एक कागज नहीं लिया,” तो कळवळून सांगत होता. बायकांनी ऐकलं नाही. पदर खोचून त्यांनी ढिगाऱ्यावर चढाई केली. वाटेत एकेक कागद उचलून त्या अक्षरं लावत वाचत होत्या, त्यामुळे शोध फार सावकाश चालला होता. “देख व, आठे साखरपुडा लिखेल शे!” एकीनं दुसरीला हाक मारली. प्रमिलाबाई मात्र एका पोत्यावर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

“तीच वाचनी व्हती माले,” त्या म्हणाल्या. “बाकीसमा ‘खुशाल शे, खुशाल राहा’ एवढंच. तिन्हामा काहीतरी व्हतं.”

बावीस चिठ्ठ्यांत या बाईला खुशालीपलीकडे काही मिळालं नव्हतं, आणि जी एक गोड होती तीही दुसऱ्याची. ते वाकले, ढिगात हात घातला, बनियन सैल केली आणि ओरडले, “सापडनी!”

“काका, ये तो आपके अंदर से गिरी,” संदीप म्हणाला.

“तू गप बस!” अप्पा म्हणाले.

रविवारी हॉल भरला. वाल्मिकही सुंदराबाईंना घेऊन आला. अप्पांनी मागच्या रांगेत बसायचं ठरवलं होतं, पण सुषमाताईंनी त्यांना हाताला धरून पुढे नेलं आणि प्रमिलाबाईंच्या शेजारी खुर्चीवर बसवलं. “ज्या काळात वस्तीत कोणाला अक्षर येत नव्हतं, त्या काळात यांनी स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली!” असं म्हणून शाल घातली, नारळ दिला. टाळ्या पडल्या. वाल्मिक छताकडे बघत होता.

“अप्पा, एक पत्र तुम्हीच वाचून सुरुवात करा ना.”

अप्पांनी सवयीनं खिसे चाचपले. “चष्मा…”

“नही ताई,” प्रमिलाबाई मध्येच बोलल्या. “ज्यानी लिखी त्यानी काय वाचानी? माले लिखेल शे, मीच वाचसू.”

त्यांनी हळदीच्या डागाची चिठ्ठी उघडली, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. अप्पांनी डोळे मिटून घ्यायला हवे होते, पण ते त्या बोटाकडेच बघत राहिले.

“सौ… प्र… मिला… हिस आशीर्वाद,” प्रमिलाबाईंनी वाचलं.

बोट होतं ‘सु’वर. चांगलं ठळक, त्यांच्या सहीतलं ‘सु’. अप्पांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. ते अगदी शांत होतं. “दिवाळीला येईन तेव्हा तुला पोपटी साडी आणीन. ती नेसून तू दारात उभी राहा, म्हणजे मला लांबूनच घर ओळखू येईल,” त्या एकेक शब्द लावत वाचत होत्या. दुसऱ्या रांगेत सुंदराबाईंनी सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. त्या दिवाळीला त्यांना पोपटी साडी मिळाली होती. ती का आणली, हे मात्र छत्तीस वर्षांनी आत्ता कळत होतं. वाल्मिकचे कान लालबुंद झाले होते आणि तो चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता.

घरी आल्यावर अप्पांनी शाल खुंटीला टांगली. मग म्हणाले, “तठे परमिला लिखेल नव्हतं.”

“तुमले कसं समजनं?” प्रमिलाबाई म्हणाल्या. “तुमले त वाचता येत नही.”

अप्पा खाटेवर बसले.

“कवयपासून माहीत शे तुले?”

“आठे उनू त्या पहिलाच महिनामा. रेशननं कागद उलटं धरीसन तुम्ही ‘सगळं बराबर शे’ म्हने व्हतात.”

“मंग बोलनी काबरं नही?”

“पेपर धरीसन बठा म्हंजे तुमले बरं वाटे ना.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “सुंदरानं नाव मी श्रावणमाच वाचं व्हतं. तिनी पोपटी साडी मी देखेल शे, मंग काय समजानं ते समजनी. तारानी नाव बदलीसन वाचं, मी बी तसंच वाचं. सगळास्ना समोर तुमनी लाज कसाले काढू? आनी बनियनमा हात घालीसन फिरी ऱ्हायंतात, तवयच वळखं मी. पस्तीवालाकडे मुद्दाम धाडं.” मग हात पुढे केला. “आते मनी चिठ्ठी द्या. ती तुमनाकडे शे, हाई सुंदरानी हॉलमा सांगं माले.”

अप्पांनी कोटातून चिठ्ठी काढून दिली. प्रमिलाबाई खिडकीशी उजेडात बसल्या आणि बोट सरकवत वाचू लागल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. अर्ध्या पानाला त्यांना बराच वेळ लागला. संपल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग पदरानं डोळे पुसले आणि एकदम हसल्या.

“काय लिखेल शे?” अप्पांना राहवेना.

“तुम्हीच सांगेल शे ना?”

“मी सांगं ते माले याद शे. राघोनी काय लिखं ते माले काय माहीत? हसनी काबरं तू?”

प्रमिलाबाईंनी चिठ्ठी घडी करून पोलक्यात ठेवली. “वर्ग दोन वाजता राहास,” त्या म्हणाल्या. “पाटी मनी ल्या.”

सोमवारी दोन वाजता देवळाच्या हॉलमध्ये एकवीस बायका आणि शेवटच्या रांगेत एक टोपीवाले गृहस्थ बसले होते.

“अप्पा, तुम्ही?” सुषमाताई चकित झाल्या. “तुम्हाला तर सगळं येतं!”

“नवा चष्मा शे, ताई. आते पहिलंपासून देखनं पडी,” अप्पांनी पाटी मांडीवर घेतली. “फक्त तो ‘प’ तेवढा आधी शिकाडा.”